यंत्रापुढचा नारळ

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये पूजा असते. तलासरीच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात मी रक्त-थुंकी तपासण्याचं काम करते आणि माझं निम्म्याहून जास्त आयुष्य त्या एका खोलीत गेलं आहे. शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आम्ही मायक्रोस्कोप पुजतो. फ्रिजलाही हळद-कुंकू लागतं. झेंडूची फुलं मी डहाणूहून घेऊन येते, आमच्या चिकूच्या वाडीच्या कुंपणाला लावलेली असतात ती. माळा करते आमची मावशी. मावशी म्हणजे दवाखान्यात झाडलोट, भांडी-कपडे, स्ट्रेचर ढकलणं, सगळं करणारी बाई. पाठीमागच्या पाड्यावर राहते. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला मावशीच म्हणतात.

सगळ्यात मोठी माळ ती टीबीच्या यंत्राला करते. हे यंत्र दिसायला डब्याएवढं. थुंकीतला टीबी ते दोनेक तासांत शोधतं, शिवाय तो साध्या गोळ्यांना दाद देणारा आहे की नाही तेही सांगतं. बॅटरीवर चालतं. वीज जाणाऱ्या, धूळ उडणाऱ्या आमच्यासारख्या गावांसाठीच ते बनवलं आहे असं उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले होते, आणि ते काही खोटं नव्हतं. फक्त त्याला चिप लागते. प्लास्टिकचा छोटासा तुकडा, एका नमुन्याला एक. चिप नसेल तर यंत्र नुसतं शोभेचं. गेली काही वर्षं ते बहुतेक काळ शोभेचंच आहे. पूजा मात्र एकदाही चुकलेली नाही. मला या प्रकाराचा संताप येतो आणि दरवर्षी त्याला कुंकू मीच लावते.

कोविड आला तेव्हा हे यंत्र नवंकोरं होतं. त्यात कोविडची चिप घातली की कोविडही तपासता येतो असं आम्हाला कळवण्यात आलं. तोवर आमचे नमुने मुंबईला जायचे, आणि उत्तर येईपर्यंत माणूस एकतर बरा होऊन शेतावर गेलेला असायचा नाहीतर कायमचा गेलेला असायचा. म्हणून आम्हाला आनंदच झाला. मग लगेच फोन आला की टीबी थांबवा, यंत्र फक्त कोविडसाठी. तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी खोड, सगळे म्हणतात. आमच्याकडे विहीर होती हो. तिचा दोर सोडून दुसऱ्या विहिरीला बांधला.

त्यातही नमुने कोणाचे, तर निम्मे हायवेवरच्या लोकांचे. गुजरातची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. नाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, म्हणून धडधाकट माणसं आमच्या दारात रांग लावून उभी राहायची. ट्रकवाले, व्यापारी, लग्नाला निघालेली कुटुंबं. 'बेन, जरा जल्दी करो ने, लगनमां जवानुं छे.' त्यांचाही दोष नव्हता, त्यांना जायचं होतं. पण रांगेच्या शेवटी पाड्यावरची तापलेली माणसं झाडाखाली आडवी पडलेली असायची आणि माझ्या चिपा लग्नाला चाललेल्या पाहुण्यांवर खर्च व्हायच्या. मी तेव्हा सगळ्यांवर खेकसत असे. सासूबाई म्हणायच्या, दवाखान्यातून येताना जीभ तिथेच ठेवून येत जा.

त्याच दिवसांत मावशीने तिच्या मुलीला आणलं. या मुलीला मी तिच्या लग्नाच्या आधीपासून पाहत होते. आमच्या वाडीत चिकू उतरवायच्या दिवसांत ती कामाला यायची, झाडावर चढून वेडनं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या लांब काठीनं, चिकू काढायची, आणि गाणी म्हणायची ती खाली उभ्या असलेल्या मुकादमाची टर उडवणारी. नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाई, मग ती लहान पोरीला घेऊन आईकडे येऊन राही. आता तिच्या ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. बरेच आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप. तिला बघून मला कोविड आठवलाच नाही. इतकी वर्षं थुंकीच तपासतेय मी.

मी वरच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, एक चिप टीबीची लावू द्या. ते म्हणाले, "मॅडम, सध्या फक्त कोविड. वरून ऑर्डर आहे." मी म्हटलं, साहेब, एकच. ते म्हणाले, "उद्या दुसरा येईल आणि म्हणेल एकच." त्यांच्या जागी ते बरोबर असतील. वर म्हणजे नेमकं कुठे, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. ज्याला विचारावं तो आणखी वर बोट दाखवतो.

तिची कोविडची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. मग खिडकीजवळ, तोंड बांधून, मी तिच्या थुंकीची जुन्या पद्धतीने स्लाइड केली. मायक्रोस्कोपखाली डोळे दुखेपर्यंत पाहिली. काही दिसलं नाही. पण स्लाइडवर जंतू दिसायला ते थुंकीत भरपूर असावे लागतात, थोडे असले की डोळ्याला सापडत नाहीत. म्हणून तर ते यंत्र आणलं होतं. मी मावशीला बसवून सांगितलं की कोविड नाही, टीबी दिसला नाही, पण दिसला नाही म्हणजे नाही असं नव्हे, यंत्र मोकळं झालं की पोरीला पुन्हा घेऊन ये. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "म्हंजे काय नाय निघालं."

तिने आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलला होता. काही निघालं नाही हे कळल्यावर त्याच आठवड्यात मायलेकी नवस फेडायला गेल्या. देऊळ बंद होतं, तर बाहेरच्या पायरीवर नारळ फोडला, खण ठेवला, चारोटीवरून कोणाच्या तरी टेम्पोतून परत आल्या. मला खोबऱ्याचा तुकडा आणून दिला. मी खाल्ला.

तिच्या पाड्यावर एक रीत आहे. नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव घरात काढायचं नाही. काढलं तर देवीला वाटतं की यांचा आपल्यावर भरवसा नाही, आणि दिलेलं ती परत घेते. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या वाडीतही पिढ्यानपिढ्या असलं बरंच चालतं, फक्त आमच्याकडे पक्की घरं असल्यामुळे त्याला श्रद्धा म्हणतात. काही आठवड्यांनी मी मावशीला विचारलं, मुलगी कशी आहे, खोकते का अजून? तिने माझ्या तोंडासमोर हात धरला. "बरी हाय बाय. नारळ फोडला ना." मी म्हटलं, अगं पण यंत्र मोकळं झालं की... ती बादली उचलून निघून गेली. मी पुन्हा दोनदा-तीनदा विषय काढला. प्रत्येक वेळी ती घाबरायची, जणू मीच तिच्या घराला नजर लावतेय. मुलगीही आईचा शब्द मोडत नव्हती. खोकला आला की घराबाहेर जाऊन खोकायची, म्हणजे आईच्या कानावर जायला नको.

यंत्र मोकळं व्हायला फार वेळ लागला. एक लाट ओसरली, आम्ही श्वास घेतला, तोवर दुसरी आली. मग एकदाचं टीबी सुरू करा म्हणून कळवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी मुलीला रिक्षातून घेऊन आली. पदर रक्ताने भरला होता. यंत्राने जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उत्तर दिलं. टीबी, आणि साध्या गोळ्यांना दाद न देणारा. एवढंसं काम होतं ते. मी ते उत्तर बघत उभी राहिले आणि मला त्या डब्याला उचलून हायवेवर फेकावंसं वाटलं.

तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे औषध सुरू झालं, पण दोन्ही फुप्फुसांची चाळण झाली होती. ती गेली. मावशी बाराव्यानंतर कामावर आली, नेहमीसारखी लॅब झाडली, आणि ओल्या फडक्याने यंत्र पुसलं. मला वाटलं होतं ती मला काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं. तिने विचारलं, "याला पानी चालतं ना पुसायला?"

साथ संपल्यावर आम्हाला एका मोठ्या हॉलमध्ये प्रशिक्षणाला बोलावलं. पुढच्या साथीसाठी देश कसा सज्ज आहे, हा विषय. पडद्यावर नकाशा होता, त्यावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक यंत्र. आमचाही ठिपका होता, इतरांसारखाच हिरवा. मी उभी राहून विचारलं की या ठिपक्यांपैकी किती ठिकाणी आज चिप आहे? वक्ते सज्जन होते. म्हणाले, "तुमचा मुद्दा नोट केला आहे." मग समोसे आले. परत आल्यावर मी लॅबचं कपाट उघडलं. त्यात कोविडच्या चिपांचं खोकं होतं, साथ ओसरल्यावर आलेलं, मुदत उलटून गेलेलं. त्या टीबीला चालत नाहीत. टीबीच्या मागवल्या होत्या, त्या येत होत्या. आमच्याकडे गोष्टी नेहमी येत असतात, पोचत नाहीत.

यंदाच्या पावसात मावशीची नात खोकायला लागली. आई गेली तेव्हा कडेवर बसणारी पोर, आता शाळेत जाते, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पाढे म्हणते. मावशीकडेच वाढली. बाप वर्षातले निम्मे महिने भट्टीवर. मावशीने या वेळी नवस-बिवस काही बोलला नाही. पहिल्याच आठवड्यात हाताला धरून माझ्यासमोर आणून उभी केली. "हिचं बघ बाय. मशीनवर बघ."

आमचे डॉक्टर तरुण आहेत, मनापासून काम करतात. त्यांनी एक्स-रे काढला. छातीत डाग होता. पण डाग कशाचा ते एक्स-रे सांगत नाही, आणि हिच्या आईला तर साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी झाला होता. हिलाही तोच असला तर औषधं वेगळी, कडक, लहान जिवाला सोसणारी आहेत की नाही बघून द्यायची. ते म्हणाले, "टेस्टशिवाय मी अंधारात गोळी मारल्यासारखं होईल." टेस्टचं यंत्र त्यांच्या मागेच होतं, प्लास्टिकचं कव्हर घालून. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही.

लहान मुलांना थुंकी बाहेर काढता येत नाही, ती गिळतात. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातून नमुना घ्यावा लागतो. पोर रडली, पण हलली नाही. मावशीने तिचं डोकं धरलं होतं. नमुना जिल्ह्याला पाठवायचा, तर आमचा बर्फाचा फ्रिज बंद. वरोरची एक मासळीवाली आमच्या दारावर येते, तिच्याकडून आदल्या दिवशी बर्फ घेऊन मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि पहाटेच्या गाडीने घेऊन आले. डबा नीट भरला. नमुना नेणारी गाडी गेली आणि हायवेच्या कोंडीत अडकली. बर्फाचं पाणी झालं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं ते आजाराचं नव्हतंच. नमुना खराब, पुन्हा पाठवा.

ते उत्तर यायच्या आधी खंडेनवमी आली. मी झेंडू नेला, मावशीने माळा केल्या. डॉक्टरांनी व्हरांड्यात नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं-साखर मिळाली. सगळे पांगल्यावर मावशीने पिशवीतून दुसरा नारळ काढला. यंत्राचं कव्हर बाजूला केलं, त्याला पुन्हा एकदा हळद-कुंकू लावलं, आणि नारळ त्याच्यापुढे ठेवला. शेंडी यंत्राकडे करून. हात जोडून म्हणाली, "चालू हो. चालू झालास का फोडीन."

मी दारात उभी होते. म्हटलं, "मावशी, अगं मागायचंच तर पोरीला बरं वाटू दे असं माग."

"ते देवीकडं मागून झालं, बाय. पोरीच्या आईच्या येळी." मग नारळ नीट बसवत म्हणाली, "याच्याकडं याचंच मागायचं."

मला तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवून सांगणार काय होते? वर विनंती पाठवली आहे, हे? ती विनंती आणि हा नारळ यांत नारळ निदान डोळ्यांसमोर होता. मी कव्हर घातलं, नारळ तसाच राहू दिला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पाहिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दिवाळी झाली आणि बाप आला. भट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन बसला होता. त्याला स्वयंपाकाला आणि दुसऱ्या बायकोच्या तान्ह्याला सांभाळायला पोर हवी होती. मी त्याला लॅबमध्ये बोलावून समजावलं, डॉक्टरांनी समजावलं की पुन्हा नमुना घ्यायचा आहे, थोडे दिवस थांब. तो वाईट माणूस नाही. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन पयल्या टेस्टमंदी काय निघालं?"

नमुना खराब झाला, त्यामुळे काही निघालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरं तेच होतं.

"मंग?" तो म्हणाला.

मावशी भांडली. पण उचल घेतलेल्या माणसाशी भांडून कोण जिंकलंय? सकाळी हायवेवर टेम्पो थांबला. पोर भांड्यांच्या गाठोड्यावर बसली, ओढणी तोंडाला घट्ट बांधून, कारण धुळीने खोकला वाढतो हे मीच तिला सांगितलं होतं. मला पाहून तिने हात हलवला. टेम्पो गुजरातच्या बाजूला वळला. नाक्यावर आता कोणी रिपोर्ट मागत नाही.

आणि टीबीच्या चिपा आल्या. कुरियरचा मुलगा स्कूटरवरून येऊन खोकं टेबलावर टाकून गेला, सही घेतली, पाणी प्यायला. मी कव्हर काढलं, यंत्र लावलं, दिवा हिरवा झाला. खोक्यावरची मुदत वाचली तर ती फार लांबची नव्हती. पहिला नमुना चारोटीच्या एका हॉटेलवाल्याचा लावला. मग पोरीच्या बापाला फोन केला. बंद. भट्टीच्या मुकादमाचा नंबर मावशीकडे होता. तो गुजरातीत म्हणाला, ते लोक इथे नाहीत, दुसऱ्या भट्टीवर गेले, कुठल्या ते माहीत नाही. मी ओरडले त्याच्यावर. त्याने ठेवून दिला.

मावशी दारात आली होती. तिने हिरवा दिवा पाहिला.

"चालू झालं?"

"हो."

ती नारळ उचलायला पुढे आली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब ना मावशी. पोर कुठे आलीय अजून? ती येऊ दे, मग फोड."

"मी मशीनच मागितलं होतं," ती म्हणाली. "दिलं त्यानं. फेडाया पायजे."

तिने व्हरांड्याच्या पायरीवर नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, इतके दिवस ठेवून सगळं सुकलं होतं. खोबरं करवंटीपासून सुटलेलं, पिवळं, खवट वासाचं. तिने त्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले, डॉक्टरांना, नर्सला, रांगेतल्या माणसांना. कोणी टाकून दिला असेल तर तिच्यादेखत नाही. माझा मी खाल्ला.

त्या दिवसापासून मावशी पोरीबद्दल बोलत नाही. पहिले दोन दिवस मी विचारलं, बापाचा फोन आला का, कुणी निरोप आणला का? तिने पूर्वीसारखाच माझ्या तोंडासमोर हात धरला. "नारळ फोडला ना, बाय." आवाजात राग नव्हता, विनवणी होती. आता मी तिच्यासमोर नातीचं नाव काढत नाही, आणि याची मला इतकी शरम वाटते की घरी जाऊन मी कोणाशी धड बोलत नाही.

फोन मात्र रोज करते. जेवणाच्या सुट्टीत मावशी पाणी भरायला गेली की बापाचा, मग मुकादमाचा. बाप बंद असतो, मुकादम उचलत नाही. यंत्र चालू आहे, रांगही आहे, चिपा भराभर संपत आहेत. एक मी कपाटात मागे वेगळी ठेवली आहे, पोरीसाठी. तिची मुदत या महिनाअखेर संपते.